कुत्र्याच्या लघवीचा नमुना घरी कसा घ्यावा

जनावरांच्या डॉक्टरांनी "उद्या सकाळची लघवी घेऊन या" असं सांगितलं की माणसं मान डोलावून बाहेर येतात, आणि गाडीपाशी आल्यावर एकमेकांना विचारतात, आणायची कशी? मी कोल्हापुरात माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लघवीच्या डब्या हाताळणं हे माझं रोजचं काम. घरी दोन कुत्री आहेत. राजा मुधोळ हाउंड, उंच आणि लाजरा. चिंगी पॉमेरेनियन, जमिनीपासून वीतभर उंच. चिंगीला मूतखड्याचा त्रास आहे, त्यामुळं तिची लघवी वरचेवर तपासावी लागते. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या कुत्र्याला ही तपासणी सांगितली की ते आधी माझ्याकडं येतात. त्यांना जे सांगते तेच इथं नीट लिहिते.

सगळ्यात आधी, नमुन्याची वाट कधी बघायची नाही ते. कुत्रा पुन्हापुन्हा पाय वर करतोय, मादी असेल तर पुन्हापुन्हा बसतेय, जोर लावतेय, आणि थेंबही येत नाही, असं असेल तर डबी शोधत बसू नका. त्याच तासाला डॉक्टरांकडं न्या, रात्र असली तरी. विशेषतः नर कुत्र्याच्या मूत्रमार्गात खडा अडकतो. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, मूत्रपिंडं बिघडतात, मूत्राशय फुटूही शकतं. त्यात उलट्या सुरू झाल्या असतील तर वेळ आणखी कमी आहे. पुढचं सगळं ज्यांचं कुत्रं लघवी करतंय त्यांच्यासाठी आहे.

डबी आणि भांडं

मेडिकलमध्ये लघवीची निर्जंतुक डबी मिळते, फिरकीच्या झाकणाची, सीलबंद. माणसांसाठी असते तीच चालते आणि अगदी थोड्या पैशांत मिळते. दोन घेऊन ठेवा. घरातली धुतलेली बाटली वापरू नका. हे मी हट्टानं सांगते, कारण रोज बघते. जॅमची, मधाची किंवा आपल्याकडं काकवीची बाटली कितीही विसळली तरी झाकणाच्या आट्यांत गोडाचा अंश राहतो. लघवीत बुडवून रंग बघायच्या तपासणीच्या पट्टीवरचा साखरेचा चौकोन तेवढ्यानंही रंग बदलू शकतो आणि धडधाकट कुत्र्याला मधुमेहाची शंका येते. साबण राहिला तर लघवीची आम्लता बदललेली दिसते आणि प्रोटीन उगाच वाढलेलं दिसतं. ब्लीचिंग पावडरचा अंश असेल तर लघवीत रक्त नसतानाही पट्टी रक्त दाखवते. कफ सिरपची बाटलीही नको.

डबीतच धार पकडायला जाऊ नका. तिचं तोंड लहान, कुत्रं हलणारं, आणि आपला हात त्याच्या पोटाखाली गेला की ते दचकतं. आधी दुसऱ्या भांड्यात धरायचं आणि मग डबीत ओतायचं. राजासाठी मी लांब दांड्याचा स्टीलचा डाव ठेवलाय. चिंगीच्या खाली डाव जात नाही. तिला चहाची बशी, नाहीतर पार्सलला वापरतात तो फॉइलचा नवा डबा काठ कापून उथळ केलेला. कागदाची प्लेट लघवी शोषते, ती घेऊ नका. डाव असो वा बशी, आदल्या रात्री उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवायची, बाहेर काढून उपडी घालून वाळवायची आणि फडक्यानं पुसायची नाही. एकदा या कामाला लावलेलं भांडं परत स्वयंपाकघरात आणायचं नाही. त्यावर ऑइलपेंटची खूण करून ते वेगळं टांगा, म्हणजे घरात दुसऱ्या कुणाच्या हाताला लागायचं नाही.

डाव नसेल तर बांबूच्या काठीला डबी चिकटपट्टीनं घट्ट बांधून काम होतं. उंच कुत्र्याला हे बरंच, आपल्याला वाकावं लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या आमच्या शेजारच्या मावशी अशाच घेतात.

हातमोजे घाला. हे नावापुरतं सांगत नाही. कोल्हापूरचा पावसाळा सगळ्यांना माहीत आहे. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठंवर आलं तेही आपण बघितलंय. उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार होतो, आणि तो कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो. हातावर चीर असेल तर जंतूला तेवढी वाट पुरते. मोजे काढल्यावरही साबणानं हात धुवा. लहान मुलांना हे काम देऊ नका. आणि कुत्र्याच्या वार्षिक लसीत लेप्टो आहे का ते डॉक्टरांना विचारून घ्या. पूर येणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी तर ते टाळूच नये.

सकाळची पहिली धार

डॉक्टर बहुतेक वेळा सकाळची पहिली लघवी मागतात. रात्रभर मूत्राशयात साठलेली लघवी सगळ्यात दाट असते. मूत्रपिंडांना लघवी दाट करता येते की नाही, हे त्यावरून कळतं. त्यासाठी लघवीचं विशिष्ट गुरुत्व मोजतात. पाण्याचं १.००० धरलं तर कुत्र्याची सकाळची लघवी १.०३० च्या वर गेली, म्हणजे मूत्रपिंडं लघवी दाट करू शकतात असं साधारण मानतात. नमुना दाट यावा म्हणून रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवू नका. मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा त्रास असलेलं कुत्रं पाण्यावाचून बघता बघता ढासळतं. जास्त पाणीही पाजू नका. नेहमीचं तसंच चालू दे.

सकाळी उठल्याउठल्या दार उघडून कुत्र्याला मोकळं सोडायची आपल्याकडं सवय असते. त्या दिवशी ती मोडा. घरातच पट्टा लावा, आणि पट्टा आखूड धरा, चार-पाच फूट. लांब सोडला तर तुम्ही पोचेपर्यंत धार संपलेली असते. डाव उजव्या हातात, डबी खिशात, हे सगळं उंबऱ्याच्या आतच तयार पाहिजे. नर कुत्र्याची भरपूर धार पहिल्याच खांबाला असते. त्यानंतर तो खुणा करत जातो आणि प्रत्येक ठिकाणी चार थेंब टाकतो. कितीतरी जण कुत्र्याला रंकाळ्यावर नेऊन तिथं नमुना घ्यायचा प्रयत्न करतात. तिथं दुसऱ्या कुत्र्यांचे वास, फिरायला आलेली माणसं, भेळेच्या गाड्यांपाशी पडलेले कागद. कुत्र्याचं लक्ष कशातच टिकत नाही आणि डावात काही पडत नाही. गल्लीतली रोजची जागा सगळ्यात चांगली.

शक्य असेल तर बाहेर पडायच्या आधी ओल्या कापसानं लघवीची जागा पुसून घ्या. पाणी उकळून गार केलेलं. डेटॉल, सॅव्हलॉन नको, ते नमुन्यात उतरतं आणि जंतूंची तपासणी बिघडवतं. चिंगीसारख्या केसाळ कुत्रीचे मागचे केस कात्रीनं आखूड करून ठेवते मी, नाहीतर धार केसांवरून ओघळते आणि केसांतली माती बशीत येते. नराच्या लिंगाच्या टोकाशी थोडा पिवळसर स्राव असतो, तो बहुतेक कुत्र्यांत असतोच. घाबरायचं कारण नाही, पण पुसून घ्या.

आता धरायचं कसं. कुत्र्याच्या मागून धावू नका. त्याच्या बाजूनं, त्याच्याच चालीनं चाला. नजर त्याच्यावर रोखू नका. पाय वर झाला किंवा मादी बसली की लगेच भांडं पुढं करायचं नाही. धार सुरू होऊ दे, मनात "एक, दोन" म्हणा, मग भांडं बाजूनं हळूच सरकवा. सुरुवातीच्या धारेबरोबर बाहेरच्या बाजूचे जंतू, केस, स्राव वाहून जातात. मधली धार स्वच्छ असते आणि तीच आपल्याला हवी. एकदा धार सुरू झाली की कुत्र्याला ती थांबवणं जड जातं, त्यामुळं भांडं दिसलं तरी बहुतेक कुत्री पूर्ण करतात. मादीच्या बाबतीत बशी मागच्या बाजूनं, शेपटीखालून सरकवायची. पुढून हात घातला की ती उठून उभी राहते. भांड्याचा काठ कातडीला लागू देऊ नका.

कुत्रं फारच थोडी लघवी करत असेल, जळजळीमुळं थेंबथेंब येत असेल, तर मधल्या धारेचा आग्रह सोडा. मिळेल ती घ्या आणि डॉक्टरांना तसं सांगा.

काही कुत्री भांडं बघूनच अडून राहतात. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचा लॅब्राडोर आहे, रॉकी. तो मुलगा वैतागून माझ्याकडं आला.

"ताई, डाव बघितला की ह्यो मुतायचंच बंद करतोय."

"मग दोन दिवस नमुना घेऊच नको," मी म्हणाले. "डाव नुसता हातात घेऊन त्याच्याबरोबर फिर. त्याला हुंगू दे. त्यानं लघवी केली की बिस्किट दे, पण डाव खाली नेऊ नको."

तिसऱ्या दिवशी डावाकडं रॉकीचं लक्षच नव्हतं. कुत्र्याला घाई कळते आणि आपला चढलेला आवाज त्याहून लवकर कळतो. रागावलात तर ते पुढं कित्येक दिवस तुमच्यासमोर लघवी करायला कचरेल, आणि आजारी कुत्र्यानं लघवी धरून ठेवणं वाईट.

पावसाळ्यात एक अडचण वेगळी. जून ते सप्टेंबर राजा ओल्या रस्त्यावर पाय ठेवायला तयार नसतो, आणि डावात पावसाचं पाणी पडलं तर लघवी पातळ दिसते. पातळ लघवी म्हणजे मूत्रपिंडाची शंका, मग पुढच्या रक्ततपासण्या. म्हणून पाऊस असेल तर अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, पत्र्याच्या शेडखाली, जिथं कुत्र्याला जायची सवय असेल तिथं घ्या, नाहीतर घरातल्या दुसऱ्या माणसाला छत्री धरायला लावा.

म्हातारं किंवा अधू कुत्रं, जे उठत नाही, त्याच्या खाली रात्री स्वच्छ प्लास्टिकचा कागद अंथरा आणि साठलेली लघवी बिनसुईच्या सिरिंजनं ओढून घ्या. फरशीवरचीही अशीच ओढता येते, पण फिनेलनं पुसलेल्या फरशीवरची घेऊन उपयोग नाही. आणि असा नमुना डॉक्टरांना देताना तो खालून उचललाय हे सांगितलंच पाहिजे. त्यावरून विशिष्ट गुरुत्व, साखर यांचा अंदाज येतो, जंतूंबद्दल मात्र काही म्हणता येत नाही. गादीतून किंवा डायपरमधून पिळून काढलेली लघवी नको.

पाच ते दहा मिलिलिटर पुरतात, म्हणजे एक ते दोन चहाचे चमचे. लहान पिल्लाची दोन-तीन मिलिलिटरच मिळाली तरी टाकून देऊ नका, डॉक्टरांना फोन करून विचारा. डबीत ओतताना झाकण उलटं ठेवायचं आणि आतल्या बाजूला बोट लावायचं नाही.

डबी भरल्यानंतरचा वेळ

लोकांना वाटतं, लघवी डबीत आली की काम झालं. माझ्या मते अर्धं काम इथून पुढं असतं. उबेला जंतू झपाट्यानं वाढतात. ते साखर खातात, लघवी अल्कधर्मी करतात, आणि रक्तपेशी, पूपेशी फुटून नाहीशा होतात. उन्हात बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं रंगद्रव्य, मोडतं. म्हणजे जे होतं ते दिसत नाही आणि जे नव्हतं ते दिसतं. सकाळी सहाला घेतलेली डबी एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून, मुलांना शाळेत सोडून, मग अकराला दवाखान्यात दिली, तर त्या रिपोर्टवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

अर्ध्या तासात पोचली तर उत्तम, तासाभरात पोचली तरी ठीक. दवाखाना दहाला उघडणार असेल तर डबी घट्ट बंद करून, पिशवीत घालून, त्यावर आणखी एक डबा झाकून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नाही, गोठलं की पेशी फुटतात. फ्रिजमधला नमुना त्याच दिवशी द्या. नेताना पिशवीत बर्फाची थैली ठेवा, पण डबी बर्फाला थेट टेकवू नका.

खड्याच्या कुत्र्याला मात्र फ्रिज अडचणीचा आहे. लघवी गार झाली की मूत्राशयात नसलेले स्फटिकही डबीत तयार होतात. चिंगीच्या डॉक्टरांना म्हणूनच ताजी, फ्रिजमध्ये न ठेवलेली लघवी लागते. खड्यांचे नेहमी दिसणारे दोन प्रकार म्हणजे स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेट. स्ट्रुव्हाइटचे खडे कुत्र्यांत बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळं होतात आणि योग्य आहार व औषधानं विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. म्हणजे स्फटिकाच्या तपासणीवरून उपचाराची पुढची दिशा ठरते. अशा वेळी सोपा मार्ग हा, की सकाळी कुत्र्याला बाहेर न सोडता थेट दवाखान्याकडं न्यायचं आणि फाटकापाशी फिरवून तिथंच धार धरायची. दवाखाना लांब असेल आणि कुत्रं म्हातारं असेल तर त्याला इतका वेळ अडवू नका. डॉक्टरांना आधी विचारा.

डबीवर नाव लिहा. झाकणावर नको, झाकणं लॅबमध्ये काढून ठेवतात. कुत्र्याचं नाव, मालकाचं आडनाव, तारीख, घेतल्याची वेळ, कसा घेतला, फ्रिजमध्ये होता का. सोबत कागदावर चालू औषधं लिहा. स्टेरॉइड चालू असेल तर लघवी पातळ येते. अँटिबायोटिक सुरू झालं असेल तर जंतू सापडत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर नमुना पहिल्या गोळीच्या आधी घ्यायचा का ते विचारा. मादी माजावर असेल तर तेही लिहा, नाहीतर लघवीतलं रक्त कुठलं ते कळणार नाही. कुत्र्यानं लघवी किती वेळा केली, रंग कसा होता, घरात कुठं झाली, हेही डॉक्टरांना उपयोगी पडतं. पाणी फार पितंय असं वाटत असेल तर दिवसाचं मोजून ठेवा. किलोमागं शंभर मिलिलिटरच्या वर जात असेल तर ते नक्की सांगा.

काही तपासण्यांचे नियम वेगळे आहेत. लघवीतल्या जंतूंचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करायचं असेल तर डॉक्टर सोनोग्राफीत बघून पोटातून बारीक सुईनं मूत्राशयातली लघवी काढतात. मालक सुईचं नाव काढलं की मागं सरतात. सरू नका. क्षणाचं काम असतं, बहुतेक कुत्री शांत राहतात, आणि बाहेरचा एकही जंतू त्यात मिसळत नाही. याउलट कुशिंगच्या आजारासाठी, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन जास्त होतं त्या आजारासाठी, कॉर्टिसोलचं प्रमाण बघायचं असेल तर नमुना घरीच, शांतपणे घेतलेला लागतो, कारण दवाखान्यात जायच्या ताणानंच कॉर्टिसोल वाढतं. प्रोटीन आणि क्रिएटिनिन (लघवीतून बाहेर पडणारा शरीरातला टाकाऊ पदार्थ) यांचं गुणोत्तर बघताना ०.५ च्या वर गेलं की लघवीतून प्रोटीन जातंय असं धरतात, पण संसर्ग किंवा रक्त असेल तर तो आकडा फसवतो. आधी ते बघावं लागतं.

आणि एक कळकळीनं. आमच्यासारख्या माणसांच्या लॅबमध्ये कुत्र्याची लघवी देऊन, रिपोर्टवरच्या माणसांच्या आकड्यांशी ताडून, घरीच निदान करू नका. पट्टीवरचा पूपेशींचा चौकोन कुत्र्याच्या लघवीत भरवशाचा नाही, विशिष्ट गुरुत्वाचाही नाही, ते रिफ्रॅक्टोमीटर या दाटपणा मोजायच्या उपकरणावर बघावं लागतं. नर कुत्र्याच्या दाट लघवीत थोडं बिलिरुबिन असणं नेहमीचं आहे. माणसाच्या रिपोर्टात तेच दिसलं तर आम्ही काविळीची शंका घेतो. रिपोर्ट कुत्र्याच्या डॉक्टरांनीच वाचावा.

दोन-तीन सकाळी प्रयत्न करूनही जमलं नाही तर स्वतःला आणि कुत्र्यालाही दमवू नका. डॉक्टरांना फोन करून सुईनं काढायची वेळ घ्या, आणि त्या दिवशी दवाखान्यात शिरेपर्यंत त्याला वाटेत कुठल्याही खांबापाशी थांबू देऊ नका. रिकाम्या मूत्राशयात सुई घालता येत नाही.